शहाजी घरोघरी, मग शरीफजी कुठे गेले?

तुमच्या माहितीत शहाजी नावाचे किती जण आहेत? सातारा, सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातले असाल तर एखादा मामा, एखादा वर्गमित्र, गावातला कुणीतरी जाणता माणूस लगेच आठवेल. आता शरीफजी नावाचे किती आहेत ते सांगा. बहुतेकांचं उत्तर शून्य येईल.

गंमत म्हणजे ही दोन नावं मूळची सख्ख्या भावांची. मालोजीराजे भोसले यांचे हे दोन मुलगे: थोरले शहाजी, धाकटे शरीफजी. आईबाप एक, काळ एक, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे नावाचं कारणसुद्धा एकच. तरी एक नाव महाराष्ट्रभर पसरलं आणि दुसरं इथून जवळपास नाहीसं झालं.

विज्ञान शाखेतून आलेल्या माणसाला हे पाहून जुळ्यांवरचे अभ्यास आठवतात. दोन्हीकडे बहुतेक घटक सारखे असतील तर फरक कशाने पडला ते शोधणं सोपं जातं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी म्हणून हे उदाहरण आज घेतोय. एका दुर्मीळ नावाचा माग काढताना संशोधनातल्या चार-पाच महत्त्वाच्या गोष्टी आपोआप समोर येतात.

आधी प्रश्न वेगळे करा

नावाचा अभ्यास म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "हे नाव आलं कुठून?" हा उगमाचा प्रश्न झाला. "हे नाव इतक्या लोकांनी का ठेवलं?" हा प्रसाराचा प्रश्न. दोन्ही एकाच वाक्यात विचारले जातात, पण त्यांना लागणारा पुरावा वेगळा असतो. उगमासाठी एखादा जुना ग्रंथ, एखादी बखर किंवा शिलालेख पुरू शकतो. प्रसारासाठी मोजदाद लागते: किती लोक, कोणत्या भागात, कोणत्या पिढीत. तुमच्या संशोधन प्रस्तावात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले असतील तर मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत तांबडी रेघ मारणार, हे धरून चला.

उगम: एक नवस, दोन नावं

कवींद्र परमानंद यांचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य शिवकाळातलं. त्याचं हस्तलिखित तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलं गेलं आणि स. म. दिवेकरांनी संपादित केलेली छापील आवृत्ती १९२७ साली आली. (तंजावर हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) या काव्यात कथा येते ती अशी: मालोजीराजे आणि उमाबाई यांना मूल नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराला नवस झाला, दोन मुलगे झाले, आणि पीराच्या नावाचे दोन भाग दोघांना मिळाले. 'शाह'वरून शहाजी, 'शरीफ'वरून शरीफजी. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही हीच हकीकत आहे.

नवसाची कथा 'खरी' का, असं कुणी विचारलं तर काय म्हणायचं? नवसामुळे मूल झालं का, हा प्रश्न इतिहासाच्या पद्धतीने तपासता येत नाही. पण पीराचं नाव मुलांना दिलं गेलं का, हा तपासता येतो. इथे तर पुरावा नावातच आहे. 'शाह' आणि 'शरीफ' हे दोन शब्द एकाच घरात, एकामागून एक जन्मलेल्या दोन मुलांच्या नावांत जोडीने यावेत आणि शाह शरीफ याच नावाचा पीर त्याच परिसरात असावा, हा निव्वळ योगायोग मानणं जड जातं. शिवाय शिवभारत लिहिणाऱ्याला हे सांगताना संकोच वाटलेला नाही. ज्या घराण्याचा गौरव करायला तो बसलाय, त्याच घराण्याची ही गोष्ट तो सहज सांगून जातो. यावरून त्या काळच्या श्रोत्यांना यात काही विचित्र वाटत नसावं, एवढा निष्कर्ष काढता येतो.

आणि विचित्र का वाटावं? मराठी नावांकडे जरा नीट पाहा. पिराजी हे नाव अजून गावोगाव आहे, त्यात पीर आहे. फकिरा हे नाव अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबरीमुळे सगळ्यांना माहीत. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा; त्यांच्या नावातला 'हैबत' हा शब्द अरबी, अर्थ दरारा. दौलतराव, फत्तेसिंह, सुलतानजी यांचीही तीच तऱ्हा. पण मराठी माणूस वारीत हैबतबाबांचं नाव घेतो तेव्हा तो अरबी शब्द उच्चारतोय असं त्याच्या मनातही येत नाही.

यामागची करामत आहे 'जी', 'बा' आणि 'राव' यांची. शब्द कुठूनही येवो, त्याला 'जी' लावला की तो घरचा झाला. मालो-जी, विठो-जी, एको-जी, तसेच शहा-जी, शरीफ-जी, पिरा-जी. फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावात तर चक्क फिरंगी आहे. प्रत्यय हा मराठी नावांचा उंबरठा आहे, तो ओलांडला की पाहुणा घरचा होतो.

भातवडी, १६२४

उगम दोघांचा एकच, हे झालं. मग फरक कुठे पडला?

१६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. एका बाजूला मलिक अंबरची निजामशाही फौज, दुसऱ्या बाजूला मोगल आणि आदिलशाही यांचं संयुक्त सैन्य. शहाजी आणि शरीफजी दोघंही मलिक अंबरकडून लढले. अंबर जिंकला, शहाजींचं नाव झालं, आणि शरीफजी त्या लढाईत मारले गेले.

शहाजी पुढे चाळीस वर्षं जगले. निजामशाही वाचवायचा प्रयत्न, मग आदिलशाहीत सरदारी, कर्नाटकात बंगळूरची जहागीर. १६६४ साली होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. तोवर त्यांचा मुलगा शिवाजी हे नाव दख्खनभर गाजत होतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला चौथीच्या इतिहासात शहाजीराजे भेटतात ते शिवरायांचे वडील म्हणून. पोवाड्यांत, नाटकांत, सिनेमांत त्यांचं नाव येतं ते त्याच नात्याने.

इथे पहिला अंदाज मांडता येतो. नाव पसरतं ते त्याच्या अर्थामुळे कमी आणि ते धारण करणाऱ्या माणसामुळे जास्त. 'शरीफ' म्हणजे कुलीन, सज्जन. अर्थाने हे नाव 'शाह'पेक्षा तसूभरही कमी नाही. कमी पडलं ते आयुष्य. पंचवीस-तीस वर्षांत संपलेल्या आयुष्याच्या कथा होत नाहीत, आणि ज्याच्या कथा नाहीत त्याचं नाव पाळण्यात पडत नाही.

अंदाज सुबक आहे. म्हणूनच त्याच्याकडे संशयाने बघायला हवं.

नाव नाहीसं झालं, की आपण चुकीच्या जागी शोधतोय?

"शरीफजी हे नाव पुढे सापडत नाही" हे विधान करायच्या आधी एक साधी गोष्ट तपासायची असते: आपण नेमकं काय शोधलं? 'शरीफजी' ही चार अक्षरं याच क्रमाने? महाराष्ट्रातच? मग 'सापडलं नाही' याचा अर्थ फक्त 'या स्पेलिंगने, या भागात सापडलं नाही' इतकाच होतो.

शहाजींचंच उदाहरण घ्या. मोगलांच्या फारसी तवारिखांत ते 'साहू भोसला' म्हणून येतात. 'शहाजी' शोधत बसाल तर पादशाहनाम्यात तुम्हाला शहाजीराजे सापडणारच नाहीत, आणि ते तिथे पानोपानी आहेत.

आता तंजावरला जाऊ. शहाजींचे तुकाबाईंपासून झालेले चिरंजीव व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी १६७५ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांचं राज्य उभं केलं. त्यांना तीन मुलगे. तिघंही एकामागून एक गादीवर आले. पहिले शहाजी (१६८४ ते १७१२), दुसरे सरफोजी (१७१२ ते १७२८), तिसरे तुकोजी (१७२८ ते १७३६).

पहिल्या दोन नावांचा क्रम पुन्हा वाचा. शहाजी, मग सरफोजी. मालोजींच्या घरातली जोडी, त्याच क्रमाने, दोन पिढ्यांनंतर, कावेरीच्या काठी पुन्हा उभी आहे. एकोजींनी थोरल्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं आणि दुसऱ्याला भातवडीला पडलेल्या चुलत्याचं.

पण हे सिद्ध कसं करायचं?

'सरफोजी म्हणजेच शरीफजी' हे ऐकायला छान वाटतं. तुमच्या मौखिक परीक्षेत बाहेरचा परीक्षक विचारणार, "कशावरून?" तर एकेक धागा पाहू.

पहिला धागा ध्वनीचा. शरीफ, शरफ, अश्रफ, शराफत, तशरीफ हे सगळे शब्द श-र-फ या एकाच अरबी धातूचे. त्यातल्या शरीफ किंवा शरफला मराठीतला 'ओजी' लावला की शरफोजी, आणि श-स ची अदलाबदल तर आपल्या बोलण्यात रोजची. मालोजी, विठोजी, एकोजी या घरच्याच साच्यात हे नाव बसतं.

दुसरा धागा घराण्याच्या रिवाजाचा. भोसले घराण्यात नावं पुन्हा पुन्हा वापरली जातात. शहाजींचे थोरले चिरंजीव संभाजी कनकगिरीला पडले. शिवरायांनी आपल्या थोरल्या मुलाचं नाव संभाजी ठेवलं. राजारामांच्या मुलांची नावं शिवाजी आणि संभाजी. तंजावरच्या तुकोजींनी आपल्या मुलाचं नाव एकोजी ठेवलं. म्हणजे आजोबांचं किंवा लढाईत गेलेल्या भावाचं नाव जागतं ठेवणं ही या घरातली रीतच होती.

तिसरा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो संख्याशास्त्राचा आहे. समजा मी म्हटलं की एकोजींच्या तिसऱ्या मुलाचं तुकोजी हे नाव त्यांच्या आईवरून, तुकाबाईंवरून, आलं. जुळतंय की! पण तुकोजी हे मराठ्यांत चांगलंच रुळलेलं नाव आहे. होळकरांकडेही तुकोजी आहेत. जे नाव सगळीकडे सापडतं ते दोन ठिकाणी सापडलं, यात नवल काय? हा पुरावा कच्चा. याउलट शरीफजी किंवा सरफोजी हे नाव इतकं विरळ, की ते एकाच घराण्यात दोनदा, आणि दोन्ही वेळा शहाजीच्या पाठचा भाऊ म्हणून येणं, हे सहजासहजी घडत नाही. नाव जितकं दुर्मीळ, तितका त्याच्या जुळण्याला पुरावा म्हणून भाव जास्त. रक्ताच्या चाचणीत दुर्मीळ खूण जुळली की नातं पक्कं मानतात आणि सर्रास आढळणारा रक्तगट जुळला तर मानत नाहीत, तोच हा हिशेब.

हे तत्त्व वहीत लिहून ठेवा. हस्तलिखितातल्या चुका जुळवताना, जनुकांतले बदल जुळवताना, चोरलेला निबंध ओळखताना, सगळीकडे ते चालतं.

'फ'चा 'भ' होतो तेव्हा

आता प्रतिस्पर्धी अंदाजही मांडायला हवा, नाहीतर संशोधन एकतर्फी होतं. तंजावरात हे नाव 'शरभोजी' किंवा संस्कृत वळणाने 'शरभेंद्र' असंही लिहिलेलं सापडतं. शरभ म्हणजे पुराणातला सिंहालाही भारी पडणारा प्राणी. शिवाचं एक रूपही. कुंभकोणमजवळ त्रिभुवनमच्या चोळकालीन मंदिरात शरभेश्वराची पूजा आजही होते. मग हे नाव मुळात शरभावरूनच आलं असेल तर?

इथे लिपीचं ज्ञान कामाला येतं. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या सगळ्यांसाठी एकच अक्षर आहे. 'फ'चा आवाज तमिळमध्ये मूळचा नाही. त्यामुळे सरफोजी तमिळमध्ये लिहिलं की वाचणारा दोन स्वरांमधल्या त्या अक्षराचा उच्चार 'ब'सारखा करतो: सरबोजी. इंग्रजांच्या कागदांत म्हणून दोन्ही रूपं आहेत. कुणी मराठी उच्चार ऐकून 'सर्फोजी' लिहिलं, कुणी तमिळ उच्चारावरून 'सरबोजी'. आणि 'सरबोजी' ऐकलेल्या पंडिताला त्यात 'शरभ' दिसणं अगदी साहजिक होतं, विशेषतः ज्या मुलखात शरभेश्वराचं देऊळ आहे तिथे.

उलट दिशेने हिशेब मांडून पाहा. मूळ नाव शरभोजी असतं तर मराठी भाषकांनी 'भ' सोडून 'फ' कशाला धरला असता? मराठीत दोन्ही अक्षरं स्वतंत्र आणि स्पष्ट आहेत. 'फ'कडून 'भ'कडे जाण्याचं कारण तमिळ लिपी देते. 'भ'कडून 'फ'कडे येण्याचं कारण कुणीच देत नाही. शिवाय शरभाचा अंदाज शहाजीशी पडणारी जोडी समजावून सांगू शकत नाही. म्हणून शरीफ हे मूळ, आणि शरभ हा नंतर चढलेला अर्थ.

पण 'नंतर चढलेला' म्हणजे 'खोटा' नव्हे, हे नीट समजून घ्या. शरभेंद्र हे रूप ज्यांनी वापरलं त्यांच्यासाठी ते खरंच होतं. अहमदनगरच्या एका पीराचं नाव मराठी प्रत्यय लावून तंजावरला गेलं, तमिळ जिभेवर घोळलं आणि संस्कृत काव्यात शिवरूप झालं. एका नावात चार भाषा आहेत, आणि त्यातली एक खरी, बाकीच्या भेसळ, असं ठरवायला गेलात तर नावाचा इतिहास हातातून निसटतो.

तंजावरात हे नाव मोठं कुणी केलं?

प्रसाराच्या प्रश्नाकडे परत येऊ. महाराष्ट्रात शहाजी या नावाला शिवरायांचा वारसा मिळाला. तंजावरात सरफोजी या नावाला तितकाच समर्थ माणूस मिळाला: दुसरे सरफोजी (१७७७ ते १८३२). तुळजाराजांनी १७८७ साली त्यांना दत्तक घेतलं. गादी मिळाली १७९८ मध्ये. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे उरला किल्ला आणि मान. त्या रिकाम्या हातांनी त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवलं. धन्वंतरी महाल उभारून वैद्यकाचं काम चालवलं; डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या गेल्या, त्या आजही आहेत. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

म्हणून त्यांचं नाव तमिळनाडूत अजून ठिकठिकाणी आहे. तंजावरच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. समुद्रकाठी मनोरा नावाची त्यांनी बांधलेली इमारत आहे, तिच्या शेजारच्या गावाचं नाव शरभेंद्रराजपट्टिनम. 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नृत्यनाट्य त्यांच्यावरच रचलेलं.

पण एक फरक बारकाईने पाहा. सरफोजी हे नाव इमारतीला, गावाला, महाविद्यालयाला मिळालं. शहाजी हे नाव शेतकऱ्याच्या पोराला मिळालं. स्मारकांवर टिकणं वेगळं आणि पाळण्यात पडणं वेगळं. आपला पहिला अंदाज, 'मोठा माणूस मिळाला की नाव पसरतं', इथे दुरुस्त करावा लागतो: मोठ्या माणसासोबत ते नाव स्वतःचं म्हणणारी माणसंही लागतात. महाराष्ट्रात शहाजींना आपलं म्हणणारी अख्खी रयत होती. तंजावरात मराठी बोलणारे मूठभर, आणि भोवतालच्या तमिळ समाजाची नावं ठेवायची रीत निराळी. राजाचं नाव आदराने गावाला दिलं गेलं, घरात आलं नाही.

तुमच्यासाठी

आता तुम्ही स्वतः एक काम करून बघा. तुमच्या गावातलं किंवा घराण्यातलं एक विरळ नाव निवडा. उगमाचा आणि प्रसाराचा प्रश्न दोन वेगळ्या पानांवर लिहा. त्या नावाची शक्य ती सगळी लेखनरूपं काढा: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत, हे धरून, फारसी, तमिळ, कन्नड, इंग्रजी कागदांत ते कसं दिसेल, हेही धरून. मग शाळेचं जुनं रजिस्टर, देवस्थानच्या वर्गणीच्या वह्या, वीरगळ, कुलवृत्तांत यांत मोजा. जिवंत माणसांची नावं वापरणार असाल तर त्यांची परवानगी आधी घ्या. आणि तुमच्या लाडक्या अंदाजाच्या शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी अंदाज तितक्याच प्रामाणिकपणे लिहा.

नावांच्या उगमावरून आजकाल लोक हमरीतुमरीवर येतात. नाव 'मूळचं कुणाचं' हे कळलं की सगळं कळलं, असा एक समज त्यामागे असतो. शरीफजींचं उदाहरण त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. सारखाच उगम असलेल्या दोन नावांपैकी एक माणदेशातल्या शेतावर राबतंय, आणि दुसरं कावेरीच्या खोऱ्यात एका महाविद्यालयाच्या पाटीवर, वेगळ्या अक्षरांत, आपल्या भावापासून दूर उभं आहे. उगम एकच होता. पुढचं सगळं माणसांनी घडवलं.